नळीवरचे तीन आकडे

आमच्या शाळेतल्या बायका अजून विचारतात, "पाच दिवस रजा काढून रत्नागिरीला गेला होतात, काय काय पाहिलंत?" मी सांगते, कचेरीतलं बाक पाहिलं. त्यांना वाटतं मी गंमत करते. मग कुणीतरी समुद्राबद्दल विचारतं. समुद्रही पाहिला, पण तो झेरॉक्सचं दुकान दुपारी चार वाजता उघडतं म्हणून. मनात राग असताना समुद्र फारसा बघवत नाही.

मी गेले होते एका बंदुकीसाठी. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ बापूकाका पावसजवळ आंब्याची बाग करून राहत. गेल्या पावसाळ्यात ते गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मृत्युपत्रात त्यांनी बाग आणि घर माझ्या चुलतभावाला, अनंतदादाला दिलं, आणि आजोबांची दुनळी बंदूक मला. मी सांगलीत गणित शिकवते. मला बंदुकीचं काय करायचं होतं? पण लहानपणी दर मे महिन्यात बागेत गेलं की काका ती बंदूक मांडीवर घेऊन आजोबांनी मारलेल्या बिबट्याची गोष्ट सांगायचे, आणि बाकीची मुलं पळून गेली तरी मी शेवटपर्यंत ऐकत बसायची. ते त्यांनी लक्षात ठेवलं असणार. बंदुकीच्या लाकडी दस्त्याला एक मोठी चीर होती आणि ती तांब्याच्या तारेनं आवळून बांधली होती. मरता मरता बिबट्यानं दस्त्याला चावा घेतला, त्याची ती खूण, असं काका सांगत. मी त्या तारेवरून बोट फिरवत असे.

परवानेधारक गेला की बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते आणि वारसानं अर्ज करायचा असतो. दोन सह्या केल्या की संपलं, असं अनंतदादानं फोनवर सांगितलं होतं. ह्या कामात ज्या ठाण्याशी आणि कचेरीशी संबंध आला त्यांची नावं मी लिहीत नाही. मला त्यांना अजून कधीतरी फोन करावा लागेल.

सोमवार, पावस

अनंतदादा त्रेसष्ट वर्षांचा आहे आणि आयुष्यात कधी घाईत सापडलेला नाही. मी पोचले तेव्हा दहा वाजले होते. अजून ठाण्यात जाता आलं असतं. त्यानं माझ्यासमोर घावन ठेवले, नारळाची चटणी ठेवली, शेजारी गूळखोबरं ठेवलं.

"खा आधी. ठाणं कुठे जातंय?"

"दादा, मी पाचच दिवसांची रजा काढलीय."

"पाच दिवस म्हणजे खूप झाले गो, शुभे."

घावन मऊ होते, कडेला जाळी धरलेले. मी सहा खाल्ले, हे कबूल करते. सांगलीत पाहुणा आला की चहा देऊन आपण काम विचारतो. इथे काम विचारणं म्हणजे पाहुण्याला घालवून देण्यासारखं असावं. कारण दुपारी जेवण झालं, मग दादा झोपला, मग बागेत कुठल्या कलमाला लवकर मोहोर येतोय ते बघायला आम्ही गेलो, आणि संध्याकाळ झाली. बागेत वानरांची टोळी आली होती. दादा पत्र्याचा डबा वाजवत त्यांच्यामागे धावला. वानरं पुढच्या झाडावर जाऊन बसली.

"बंदूक होती तेव्हा नुसती दाखवली तरी जायची," तो म्हणाला. "आता त्यांनाही कळलंय, काका गेले."

मंगळवार, पोलीस ठाणे आणि भाट्ये

सकाळी दादाच्या जुन्या व्हॅननं निघालो. वाटेत त्यानं तीन ठिकाणी थांबून तीन माणसांना मी कोण, ते सविस्तर सांगितलं. ठाण्यात पोचायला अकरा वाजले.

हवालदार पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी आतून गोणपाटात गुंडाळलेली बंदूक आणली, टेबलावर ठेवली, काकांची परवान्याची वही शेजारी ठेवली आणि चष्मा खाली ओढून नळीवरचा नंबर वाचला. मग वही वाचली. मग पुन्हा नळी. मला आमच्या पेपर तपासण्याची आठवण झाली. उत्तर चुकलंय हे कळल्यावर आपण असंच दोनदा बघतो.

"ताई, ही बंदूक तुमच्या काकांची नाही."

"म्हणजे?"

"शेवटचे तीन आकडे जुळत नाहीत. कंपनी तीच, नळीचा बोर तोच, पण हत्यार वेगळं."

मी म्हटलं, "मी चाळीस वर्षांहून जास्त काळ ही बंदूक बघतेय. ही तार बघा. हा बिबट्याचा चावा आहे."

हवालदारांनी तारेकडे पाहिलं. "परवान्यात चाव्याची नोंद नसते," ते म्हणाले, अगदी साधेपणानं.

मी विचारलं की इतकी वर्षं परवान्याचं नूतनीकरण झालं, तेव्हा हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही. त्यांनी खांदे उडवले. एका वहीतला नंबर दुसऱ्या वहीत उतरला असणार, नळीवरचा कोणी वाचला नसणार. आता त्यांनी वाचला, म्हणजे काहीतरी लिहिणं भाग होतं. "खुलासा मिळाला नाही तर अहवालात विनापरवाना हत्यार असं जाईल. तुमच्या काकांच्या नावावर."

बापूकाका गावच्या देवळाचे हिशेबही तीनदा तपासून देणारे माणूस होते. ते गेल्यावर त्यांच्या नावापुढे असं काही लिहिलं जाणार, आणि तेही मला गोष्ट ऐकायला आवडायची म्हणून. त्या क्षणापर्यंत मी बंदूक नको म्हणून परत फिरू शकले असते. त्यानंतर नाही.

खुलाशाच्या अर्जासोबत वहीच्या प्रती हव्या होत्या. झेरॉक्सवाला एक वाजता दुकान बंद करून जेवायला आणि झोपायला गेला होता. समोरचाही गेला होता. सगळी आळीच गेली होती. "चारला येतील," दादा म्हणाला, जणू हा सूर्यास्तासारखा नियम आहे. आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर जाऊन सुरूच्या झाडांखाली बसलो. दादानं वाळूवर पंचा पसरला आणि दोन मिनिटांत घोरायला लागला. मी तिथे बसून लाटा मोजल्या. गणिताच्या बाईला दुसरं काय सुचणार? चारला दहा मिनिटं कमी असताना त्याला उठवलं. दुकान साडेचारला उघडलं आणि मशीनमध्ये शाई नव्हती.

बुधवार, कचेरी

नळीवरचा नंबर कुणाच्या परवान्यावर आहे हे मोठ्या कचेरीतल्या जुन्या नोंदवहीत सापडेल, असं हवालदारांनी सांगितलं होतं. तिथल्या कारकून बाई साधारण माझ्याच वयाच्या. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि परत दिला.

"यात 'बंदूक बदलली असावी' लिहिलंय. असावी चालत नाही."

"बदलली हे मला माहीत नाही. तेच शोधायचंय."

"मग 'बदलली आहे किंवा कसे' असं लिहा."

मी लिहिलं. मग वीज गेली. नोंदवहीच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून वीज येईपर्यंत थांबायचं. मी बाकावर बसले. दादा बाहेर जाऊन कुणाशी तरी नारळाच्या रोपांबद्दल बोलत बसला. वीज आली तेव्हा बाईंची जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीनंतर त्या आत गेल्या आणि तासाभरानं धुळीनं माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. चिडायची माझी पूर्ण तयारी होती, पण त्यांच्या पदरालाही कोळ्याची जाळी लागली होती, तेव्हा गप्प बसले.

"सापडलं," त्या म्हणाल्या. नंबर एका शेतकऱ्याच्या परवान्यावर होता. सड्यापलीकडच्या, म्हणजे कातळाच्या पठारापलीकडच्या गावातले, नाव रघुनाथ. परवाना चालू होता. म्हणजे त्यांच्या घरी त्यांच्या परवान्यावर दुसरीच कुठली तरी बंदूक असणार. "निवडणूक आली की सगळ्यांच्या बंदुका जमा होतात," बाई म्हणाल्या. "पूर्वी नुसती चिठ्ठी दोऱ्यानं बांधायचे. परत देताना अदलाबदल झाली असणार. तुमची त्यांच्याकडे, त्यांची तुमच्याकडे. दोघांनी येऊन जबाब द्या. ज्याची त्याला परत."

मला इतकं हायसं वाटलं की येताना मी दादाला सगळ्या थांब्यांवर थांबू दिलं.

गुरुवार, सड्यापलीकडे

गावाकडे जाणारा रस्ता शेवटचा दीड किलोमीटर नव्हताच. नुसता जांभा दगड. व्हॅनचं एक चाक चरात अडकलं. भात कापून निघालेल्या दोन बायकांनी विळे ठेवून व्हॅन ढकलली आणि त्यातलीच एक म्हणाली, "आमच्याकडंच आलाव काय?" ती सुनंदा, रघुनाथआबांची सून. नवरा मुंबईत नोकरीला, शेती तीच बघते. दारात भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्याभोवती काट्यांचं कुंपण.

"डुकरं हो," ती म्हणाली. "उभं भात तर खातातच, कापलेलंही सोडत नाहीत."

आबा पडवीत बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, बारीक, डोळ्यांत मोतीबिंदू. मी जरा मोठ्यानंच सगळं सांगितलं. आकडे, नोंदवही, अदलाबदल. त्यांनी मध्ये काही विचारलं नाही. सुनंदानं आतून बंदूक आणून माझ्या हातात दिली. दस्ता अखंड होता, तेलपाणी केलेला, गुळगुळीत. नळीवरचे आकडे मी वाचले. काकांच्या वहीतलेच होते. माझ्या आजोबांची खरी बंदूक माझ्या हातात होती, आणि मला काहीच वाटलं नाही. मला ती तारेची बंदूक ओळखीची होती.

"तर आबा, उद्या माझ्याबरोबर कचेरीत चला. जबाब दिला की तुमची बंदूक तुम्हाला परत मिळेल."

"नको," आबा म्हणाले.

मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"समाजलं, बाय. ती मला नको."

चार दिवसांत पहिल्यांदा काम होत आलं होतं आणि आता हे. मी म्हटलं, "आबा, नको म्हणून कसं चालेल? तुमची आहे ती. माझ्या काकांचं नाव खराब होतंय." आवाज चढला होता हे मला दादाच्या चेहऱ्यावरून कळलं.

आबा अंगणाकडे वळले. मग म्हणाले, "तिच्या दस्त्याला तार हाय नं अजून?"

"आहे."

"माज्या बापानं बांधली ती."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत लिहिते.

"आमचा धोंडूदादा माज्यापेक्षा चार वर्सांनी मोठा. मी असेन एकोणीस-वीसचा. भात कापायला आलं व्हतं. डुकरं रोज येत व्हती म्हणून मी बंदूक घेऊन बांधावर बसायचो. उजाडत व्हतं. झुडपात हाललं. मी बार टाकला. दादा माज्यासाठी चाय घेऊन येत व्हता."

सुनंदा दारात उभी होती. तिनं हे आधी ऐकलेलं नव्हतं, ते तिच्याकडे बघून कळत होतं.

"पोलिसांनी अपघात म्हणून लिवलं. बापानं बंदूक घेतली नि जांभ्यावर आपटली. एकदाच. मंग तिथंच बसला. दोन दिसांनी डुकरं परत आली. बापानं तार आणून दस्ता बांधला नि माज्या हातात दिली. बोलला, भात कोण राखणार? पंधरा-सोळा वर्सं मी तीच बंदूक खांद्याला लावली. मंग इलेक्शनला जमा केली. परत आणायला गेलो तर शिपायानं ही दिली. दस्त्याला हात लावला नि समाजलं. मी अंगठा केला नि बाहेर पडलो. यष्टीची वाट नाय बघितली, सडा चढून चालत आलो. मागनं कोण हाक मारील असं वाटत व्हतं."

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "तुमी आलाव, तेव्हा वाटलं, मारली हाक."

सुनंदा आत गेली आणि बऱ्याच वेळानं तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी घेऊन आली. तिचे डोळे लाल होते. आम्ही सगळे जेवलो. पिठी तिखट होती आणि चांगली होती.

परतताना मला एकदम आठवलं. पाचवीत असताना मी आजोबांच्या बिबट्यावर निबंध लिहिला होता. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता. त्या निबंधात चावा नव्हता. माझे वडील ही गोष्ट सांगत त्यातही कधी नव्हता. चावा नंतर आला, आणि तो फक्त काकांच्या तोंडून.

"दादा," मी म्हटलं, "काकांनाही माहीत होतं. ठाण्यातून फुटक्या दस्त्याची बंदूक परत आली, आणि त्यांनी बिबट्याचा चावा सांगायला सुरुवात केली."

दादानं वळण घेतलं. "असेल गो. कचेरीत जायचं टळावं म्हणून काका काहीही करायचे."

म्हणजे आबांना माहीत, काकांना माहीत. माहीत नव्हतं ते मला आणि सरकारला. सगळ्या जगाचा हिशेब तपासणाऱ्या काकांनी चाळीस-बेचाळीस वर्षं एक चुकीचा नंबर भिंतीला टांगून ठेवला होता. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि मी ज्या खुणेवरून बोट फिरवत होते ती कसली होती ते आठवून हात पदराला पुसावासा वाटला.

शुक्रवार, पुन्हा कचेरी

बंदूक नको, पण जबाबापुरतं येतो, असं आबा आम्ही निघताना म्हणाले होते. सकाळी सुनंदा त्यांना घेऊन आली. पांढरा सदरा, टोपी, पायात नव्या चपला. मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं. आजोबांची बंदूक आबांकडेच राहू दे, त्यांचं भात राखायला ती लागते. तारेची बंदूक दोघांनीही सोडून द्यायची, सरकारनं ती मोडीत काढावी. बाकावर बसून मी आबांना समजावलं, "बंदूक बदलल्याचं कधी कळलं असं विचारतील. सांगायचं, आत्ता कळलं. काल ह्या बाई आल्या तेव्हा. नाहीतर तुम्हालाच त्रास होईल."

"बरं," आबा म्हणाले.

कारकून बाईंनी आधी मला सांगितलं की अशा अर्जाचा नमुना नाही. आपापली परत घेण्याचा आहे, एकाची दुसऱ्याकडे ठेवून तिसरं काही करण्याचा नाही. मी म्हटलं, मी साध्या कागदावर लिहिते. त्या म्हणाल्या, लिहा, पण 'किंवा कसे' घालू नका. मग त्यांनी जबाबाचा कागद पुढे ओढला.

"आजोबा, बंदूक बदलली हे तुम्हाला कधी लक्षात आलं?"

"त्याच दिशी," आबा म्हणाले.

मी डोळे मिटून घेतले. बाईंचा पेन थांबला.

"त्याच दिवशी कळलं, मग सांगितलं का नाही?"

आबांनी सांगितलं. कालच्यापेक्षा कमी शब्दांत, पण सगळं. पलीकडच्या टेबलावरचा माणूस शिक्के मारायचा थांबला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तुम्हाला आकडे वाचता येतात?"

"नाय."

"म्हणजे नंबर वेगळा आहे हे वाचून कळलं नाही."

"हातानं कळलं."

"हाताचा रकाना यात नाही," बाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. मग वाचून दाखवलं. नंबर वाचता येत नसल्यामुळे हत्यार बदलल्याची खात्री करता आली नाही, दोन्ही परवानेधारकांचा हेतू गैर नव्हता.

"मी तसं नाय बोललो," आबा म्हणाले.

"तुम्ही बोललात ते मी ऐकलं. आता इथे अंगठा करा."

तिथून ठाण्यात. ओळख पटवायची म्हणून हवालदारांनी गोणपाट सोडलं. आबा वाकले, डोळे अगदी जवळ नेऊन तार बघितली. हात मागे बांधलेले. "हीच," म्हणाले आणि सरळ उभे राहिले. मग विचारलं, "ह्याचं आता काय व्हनार?"

"साठल्या की एकदम कापतात, आजोबा."

"कधी?"

"ते सांगता येत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी त्या ठाण्याचा, कचेरीचा, निवडणुकांचा, काकांचा, सगळ्यांचा एकदम संताप आला. "मी विचारत राहीन," मी त्यांना म्हटलं.

सांगली

विचारत राहिले. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, मधल्या सुट्टीत. हवालदार माझा आवाज ओळखायला लागले. "नाही हो ताई अजून," एवढंच म्हणायचे. काकांच्या नावापुढे काही लिहिलं गेलं नाही, तसं पत्र दोन महिन्यांत आलं. सुनंदानं परवाना स्वतःच्या नावावर व्हावा म्हणून अर्ज केलाय, तो अजून कुठल्या तरी टेबलावर आहे. पण त्या बंदुकीचं काही होत नव्हतं.

गेल्या महिन्यात हवालदारांनीच फोन केला. "कापली, ताई. आता सोमवारी करू नका."

मी लगेच सुनंदाला फोन लावला. तिनं आबांना ओरडून सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. मग म्हणाली, "विचारतायत, दोन्ही नळ्या कापल्या काय?"

मला माहीत नव्हतं. हो म्हणून टाकलं असतं तर चाललं असतं. पण ज्या माणसाला मी कचेरीच्या बाकावर खोटं बोलायला शिकवलं होतं आणि जो ते बोलला नव्हता, त्याला नुसतं हो म्हणवेना. थांबा म्हटलं आणि हवालदारांना पुन्हा फोन केला. ते वैतागले. "बंदूक कापली म्हणजे कापली, ताई."

"दोन्ही नळ्या?"

"दोन्ही. माझ्यासमोर."

सुनंदाला तसं सांगितलं. तिनं ते दोनदा ओरडून सांगितलं. फोनवर अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज आला. मग फोन आबांच्या हातात गेला असावा.

"बाय, जेवलाव काय?"

"नाही अजून, आबा."

"मंग जेवा," ते म्हणाले.